सी ड्राइव्ह भरलाय, प्रोग्राम डी ड्राइव्हवर टाकावेत का? (आणि बिलं दिसेनाशी झाली आहेत)

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी. बार्शीत आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं असतात. कॉम्प्युटर जुनाच आहे, पण दिवाळीत त्यात १२० जीबीची एसएसडी बसवून विंडोज १० नव्याने टाकून घेतलं. आधीची ५०० जीबीची हार्ड डिस्क डी ड्राइव्ह म्हणून तशीच ठेवली. रॅम ८ जीबी.

आता सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे, जेमतेम ४ जीबी शिल्लक. फोटोशॉप मोठी फाइल उघडताना स्क्रॅच डिस्क (काम चालू असताना तात्पुरता डेटा ठेवायची जागा) भरली म्हणून थांबतं. आमचं काम बघणारे गृहस्थ म्हणतात की फॉरमॅट मारू आणि या वेळी सगळे प्रोग्राम डी ड्राइव्हवर टाकू, म्हणजे पुढे कधी विंडोज उडालं तरी प्रोग्राम वाचतील. हे खरं आहे का? मला लागतं ते एवढंच: कोरल, पेजमेकर ७, फोटोशॉप, डोंगलवालं (कॉम्प्युटरला लायसन्सची छोटी किल्ली लावली तरच चालणारं) मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि बिलिंगचा एक जुना प्रोग्राम.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. बिलिंगचा प्रोग्राम सेव्ह करताना मध्येच एरर देत होता, म्हणून त्याच गृहस्थांनी आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ची टिक मारून दिली. एरर गेली, पण आता प्रोग्राम उघडला की फक्त दिवाळीपर्यंतची बिलं दिसतात. त्यानंतरचं एकही नाही. डेटा करप्ट झालाय, असं ते म्हणतात. अख्ख्या लग्नसराईची उधारी त्यात आहे हो. घाबरून मी त्यात नवीन बिल केलेलं नाही, वहीत लिहून ठेवतेय. फॉरमॅट शनिवारी ठरलंय.

पेचकस

ताई, शनिवारचं फॉरमॅट आधी रद्द करा. फोन करून आजच सांगा. तुमची बिलं बहुतेक सुखरूप आहेत, पण फॉरमॅट मारलं तर मात्र खरोखर जातील.

मी पतसंस्था, दुकानं, शाळा यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. हा प्रकार जुन्या बिलिंगच्या आणि हिशेबाच्या प्रोग्राममध्ये नेहमी दिसतो. नेमकं काय होतं ते सांगतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

विंडोज एक्सपीच्या काळात बहुतेक जण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच कॉम्प्युटर वापरायचे. त्यामुळे प्रोग्राम लिहिणारे आपला डेटा सरळ प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचे. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि प्रोग्राम फाइल्सला कुलूप लागलं. सेटअप चालवताना परवानगी विचारली जाते तेवढ्यापुरतं ते उघडतं, एरवी साध्या वापरात तिथे कोणालाच लिहिता येत नाही. हे योग्यच झालं. तिथे वाटेल त्याला लिहिता येत असेल, तर एखादा व्हायरस तुमच्या फोटोशॉपच्या फाइलच्या जागी स्वतःची फाइल ठेवू शकतो.

पण मग जुन्या प्रोग्रामचं काय? ते अडकून पडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एक आडवाट ठेवली. जुना ३२ बिटचा प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेला की विंडोज त्याला नाही म्हणत नाही. ती फाइल गुपचूप तुमच्या यूजरच्या फोल्डरमध्ये 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या जागी लिहिते. वाचतानाही आधी तिथली प्रत देते. प्रोग्रामला याचा पत्ताच नसतो, त्याला वाटतं आपण आपल्याच फोल्डरमध्ये लिहितोय. दिवाळीपासून तुमची बिलं तिथे साठत आली आहेत.

आणि ही आडवाट फक्त साध्या वापरात असते. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ची टिक मारली की प्रोग्रामला कुलपाची किल्लीच मिळते, आडवाट बंद होते आणि तो थेट प्रोग्राम फाइल्समधली मूळ फाइल उघडतो. त्या फाइलमध्ये विंडोज टाकलं त्या दिवशीचाच डेटा आहे. म्हणून दिवाळीपर्यंतचीच बिलं दिसतात. करप्ट झालेलं काही नाही, तुम्ही दुसरी प्रत बघताय. वहीत लिहायचं ठरवलंत हे फार बरं केलंत. टिक मारल्यानंतर मूळ फाइलमध्ये नवी बिलं पडली असती, तर दोन्ही प्रती जुळवत बसावं लागलं असतं.

आता हे करा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात टक्केचिन्ह, मग 'लोकलअ‍ॅपडेटा' हा शब्द इंग्रजीत सलग, मग पुन्हा टक्केचिन्ह असं टाइप करून एंटर मारा. जो फोल्डर उघडेल त्यात व्हर्च्युअल स्टोअर, त्याच्या आत प्रोग्राम फाइल्स एक्स८६, त्याच्या आत तुमच्या बिलिंगच्या प्रोग्रामचं नाव. आतल्या फाइलींच्या 'डेट मॉडिफाइड'कडे बघा. तुम्ही शेवटचं बिल केलंत त्या दिवसाची तारीख दिसली की जीव भांड्यात पडेल. कशालाही हात न लावता तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. कट करू नका, कॉपी. मगच पुढचं.

आता डी ड्राइव्हचं. प्रोग्राम डी वर टाकले म्हणजे विंडोज उडाल्यावर ते वाचतात, ही समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. सेटअप चालतं तेव्हा प्रोग्रामचा एक भागच तुम्ही निवडलेल्या फोल्डरमध्ये जातो. बाकीचं सी वर विखुरतं: रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या खतावणीतल्या नोंदी, विंडोजच्या फोल्डरमधल्या डीएलएल फाइली, प्रोग्रामडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमधलं लायसन्स, तुमच्या यूजरच्या अ‍ॅपडेटामधल्या सेटिंग्ज. तुमच्या डोंगलचंच घ्या. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्याच पोटात बसतो. विंडोज नवीन टाकलं की डी वर प्रोग्रामचं फोल्डर दिसेल, पण टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगल सापडत नाही म्हणून अडून बसेल. सगळे सेटअप पुन्हा चालवावेच लागतात, मग ते सी वर असोत की डी वर.

वर तुमचा डी ड्राइव्ह म्हणजे फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क. फोटोशॉप तिच्यावर टाकलंत तर एसएसडीवर जे चटकन उघडतं त्याच्यासाठी पुन्हा ताटकळत बसाल. एसएसडी घेतलीत ती विंडोज आणि प्रोग्राम यांच्यासाठीच.

मग जागा कुठे गेली? १२० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये १११ जीबीच दिसते, कारण बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. तुम्ही सांगितलेले पाचही प्रोग्राम मिळून एवढी जागा खात नाहीत. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग स्टोरेज उघडा आणि कोणता भाग किती आहे ते इथे लिहा. माझा संशय डेस्कटॉप आणि डाउनलोड्सवर आहे.

अर्धविराम

मी इंजिनिअरिंगला आहे. माझ्याकडेही छोटी एसएसडी आहे. एक ट्रिक सांगतो: रजिस्ट्रीत 'प्रोग्रामफाइल्सडीआयआर' नावाची नोंद असते, तिथे सी च्या जागी डी केलं की पुढचे सगळे प्रोग्राम आपोआप डी वर जातात. नाहीतर प्रोग्राम फाइल्सचा अख्खा फोल्डर डी वर हलवून जुन्या जागी 'एमकेलिंक' कमांडने जंक्शन करायचं, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्या जागेकडे नेणारी वाट. एकही प्रोग्राम पुन्हा टाकावा लागत नाही.

लिनक्समध्ये हे किती सुटसुटीत आहे! सिस्टमचे प्रोग्राम 'यूएसआर'मध्ये, आपण स्वतः हाताने टाकलेले 'यूएसआर लोकल' किंवा 'ऑप्ट'मध्ये आणि आपल्या फाइली 'होम'मध्ये. होमला वेगळं पार्टिशन दिलं की सिस्टम कितीदाही बदला.

पेचकस

लिनक्सबद्दल अगदी सहमत. तिथे कशाची जागा कुठे हे पूर्वीपासून लिहून ठेवलेलं आहे आणि पॅकेज मॅनेजर (प्रोग्राम टाकणारी आणि अपडेट करणारी सोय) 'यूएसआर लोकल'ला हात लावत नाही, म्हणून आपण टाकलेलं अपडेटमध्ये पुसलं जात नाही. पण कोरल आणि पेजमेकर तिथे नेता येत नाहीत, आणि ताईंचं दुकान त्यांच्यावर चालतं.

रजिस्ट्रीच्या युक्तीला मात्र माझा ठाम विरोध आहे. ती नोंद बदलणं आम्ही सपोर्ट करत नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहून ठेवलंय. आधीचे प्रोग्राम सी वर, नवे डी वर, दोघांना सामाईक लागणारं कॉमन फाइल्सचं फोल्डर एकीकडे, आणि काही सेटअपमध्ये तर सी चा पत्ता लेखकाने हातानेच लिहिलेला असतो. महिनाभर सगळं बरं चालतं आणि मग एखादं अपडेट मध्येच थांबतं. तेव्हा कारण शोधणाऱ्याला ती नोंद कोणी बदलली आहे हे कळायला मार्ग नसतो.

जंक्शनबद्दल माझं मत इतकं कडक नाही. एखाद्या मोठ्या गेमचं फोल्डर असं हलवलंस तर चालतं. गेमच्या स्टीम प्रोग्राममध्ये तर त्याचीही गरज नाही, दुसऱ्या ड्राइव्हवर लायब्ररी करायची सोय त्यातच आहे. पण अख्खं प्रोग्राम फाइल्स हलवू नकोस. आणि ज्या दुकानात तू रोज जाऊन बघू शकत नाहीस तिथे तर मुळीच नाही.

वेलांटी

ताई, मीही याच धंद्यात, म्हणून दोनच गोष्टी सांगते. त्यांच्यावरून माझ्याकडे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

पुढेमागे नवीन विंडोज टाकाल तेव्हा मराठी फॉन्ट टाकताना नुसती डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबू नका. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून तसे टाकलेले फॉन्ट फक्त त्या यूजरच्या अ‍ॅपडेटामध्ये जातात, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये जात नाहीत. काही प्रोग्राम त्या फॉन्ट्स फोल्डरमध्येच शोधतात. त्यांच्या यादीत मग फॉन्ट येतच नाही आणि पत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. सगळे फॉन्ट निवडायचे, राइट क्लिक करायचं आणि 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' म्हणायचं.

दुसरं म्हणजे फोल्डरची नावं. डी वर कामाचे फोल्डर कराल तेव्हा नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवा. 'लग्नपत्रिका' असं देवनागरीत नाव दिलं तर विंडोजला चालतं, कोरलच्या नव्या आवृत्त्यांनाही चालतं, पण युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच अक्षरसंकेताच्या) आधीच्या धाटणीचे प्रोग्राम तिथल्या फाइली उघडत नाहीत. पेजमेकर त्यातलंच. माझ्या भाच्याने विंडोज टाकताना यूजरचं नावच मराठीत दिलं होतं, आणि एका जुन्या प्रोग्रामचं सेटअपच पुढे सरकेना.

पेचकस

वेलांटीताईंचं दोन्ही बरोबर. फोल्डरच्या नावाचं कारणही सांगून ठेवतो. जुने प्रोग्राम फाइलचा पत्ता एका ठरावीक कोड पेजमध्ये, म्हणजे ठरावीक भाषांच्या अक्षरांच्या तक्त्यात वाचतात. पश्चिम युरोपसाठी असं कोड पेज आहे, रशियनसाठी आहे, देवनागरीसाठी विंडोजने कधीच केलं नाही. मराठी विंडोजमध्ये आली ती थेट युनिकोडमधून. त्यामुळे जुन्या प्रोग्रामला 'लग्नपत्रिका'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं मिळतात आणि तसा फोल्डर त्याला कुठेच सापडत नाही. यूजरचं नाव मराठीत असेल तर त्रास आणखी वाढतो, कारण अ‍ॅपडेटा आणि टेम्प हे दोन्ही त्या नावाच्या आत असतात. लॉगिनचं नाव नंतर बदललं तरी फोल्डरचं नाव जुनंच राहतं.

अक्षरजुळणी

दादा, बिलं सापडली!! तुम्ही सांगितलेल्या जागी फोल्डर आहे आणि आतल्या दोन फाइलींवर मी शेवटचं बिल केलं त्याच दिवसाची तारीख आहे. आधी पेन ड्राइव्हवर कॉपी केली, मग आयकॉनवरची टिक काढली, तर प्रोग्राममध्ये सगळी उधारी दिसली. तुमचे कसे आभार मानू कळत नाही. फॉरमॅट रद्द केलंय.

स्टोरेजमध्ये बघून आकडे लिहून घेतले. डाउनलोड्स ३१ जीबी, डेस्कटॉप १८ जीबी, दोन्ही प्रोग्राम फाइल्स मिळून १३ जीबी. गिऱ्हाइकं वॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात ते सगळे डाउनलोड्समध्येच पडून आहेत, आणि चालू कामाच्या फाइली मी डेस्कटॉपवर ठेवते.

पण टिक काढल्यावर बिल सेव्ह करताना ती जुनी एरर परत यायला लागली. आणि बिलिंगचा प्रोग्राम कायमचा कुठे ठेवू?

पेचकस

फार बरं वाटलं वाचून. आता सावकाश करू.

बिलिंगचा प्रोग्राम हा एकच असा आहे जो प्रोग्राम फाइल्समधून बाहेर काढायचा. आडवाटेने लिहिताना असे प्रोग्राम मधूनच अडखळतात आणि डेटा दोन जागी फाटतो, म्हणून एररवर टिक मारणं हा उपाय नव्हे. सेटअपची सीडी किंवा फाइल हाताशी आहे ना, हे आधी बघा. नंतर कंट्रोल पॅनेलमधून प्रोग्राम काढा, पण त्याआधी प्रोग्राम फाइल्समधल्या त्याच्या फोल्डरचीही एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. सेटअप पुन्हा चालवा. 'डेस्टिनेशन फोल्डर' विचारेल तिथे प्रोग्राम फाइल्स खोडून सी ड्राइव्हवर थेट 'बिलिंग' असं इंग्रजी अक्षरांत एकच शब्दाचं नाव द्या, मध्ये स्पेस नको. ड्राइव्हच्या मुळाशी केलेल्या फोल्डरमध्ये साध्या यूजरला लिहिता येतं, त्यामुळे व्हर्च्युअल स्टोअरचा संबंधच उरत नाही. मग प्रोग्राम फाइल्समधल्या प्रतीतल्या डेटाच्या फाइली तिथे टाका आणि त्यांच्यावर व्हर्च्युअल स्टोअरमधल्या टाका. 'रिप्लेस' विचारलं की हो म्हणा. क्रम हाच ठेवा, उलटा केलात तर दिवाळीची बिलं ताज्या बिलांवर बसतील. सगळं नीट दिसतंय याची खात्री होईपर्यंत पेन ड्राइव्हवरच्या प्रती पुसू नका.

मात्र ही सवलत त्या एकालाच. फोटोशॉप, कोरल, ब्राउझर हे सेटअप सांगेल तिथे, प्रोग्राम फाइल्समध्येच राहू द्या. उघड्या फोल्डरमध्ये तुम्हाला लिहिता येतं तसंच पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसलाही येतं, आणि डीटीपीच्या दुकानात दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह लागत असतात. पेजमेकरही आहे तिथेच असू दे, फक्त त्याच्या फाइली त्याच्या फोल्डरमध्ये सेव्ह करू नका, नाहीतर तिथेही बिलांसारखंच होईल.

जागेचं काम अर्ध्या तासाचं आहे. डी वर 'डाउनलोड्स' नावाचा नवा फोल्डर करा. एक्सप्लोररमध्ये डाव्या बाजूच्या डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'लोकेशन' टॅब, 'मूव्ह', आणि तो नवा फोल्डर निवडा. नुसता डी ड्राइव्ह निवडू नका, फोल्डरच निवडा, नाहीतर अख्खा डी ड्राइव्हच डाउनलोड्स होऊन बसतो आणि ते परत सोडवणं जिकिरीचं असतं. डॉक्युमेंट्सलाही तसंच करा. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर तो आधी बंद करा, फुकट मिळणाऱ्या ५ जीबीत तुमचं काम मावणार नाही. डेस्कटॉपवरच्या फाइली डी वर कामाचा फोल्डर करून तिथे न्या आणि डेस्कटॉपवर फक्त त्या फोल्डरचा शॉर्टकट ठेवा.

एवढ्यानेच ४९ जीबी मोकळे होतील. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्कच्या यादीत सी पहिला राहू द्या, दुसरा डी जोडा. हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून कॉम्प्युटर बंद करायची सोय) वापरत नसाल तर तेही बंद करता येतं, ८ जीबी रॅमवर साधारण ३ जीबी सुटतात. विंडोजच्या आतले विनएसएक्सएस आणि इन्स्टॉलर हे फोल्डर मोठे दिसतात, त्यांना हात लावू नका. तिथलं काही पुसलं की अपडेटही अडतं आणि प्रोग्राम काढताही येत नाहीत.

अक्षरजुळणी

सगळं जमलं. बिलिंग सी वरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं. वहीतली बिलं चढवली, सगळी सेव्ह झाली, एरर एकदाही नाही. सी वर ५० जीबीच्या वर मोकळे दिसतायत आणि फोटोशॉप कुरकुरत नाही. आता सगळं काम त्या जुन्या हार्ड डिस्कवर गेलं, ती कधी बंद पडली तर?

पेचकस

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो. त्याची झिप आवृत्ती घ्या, तिला सेटअप नसतं. डी वर 'टूल्स' नावाचा फोल्डर करून तिथे उघडली की पुरे, असे बिनसेटअपचे प्रोग्राम अशाच एका फोल्डरमध्ये एकत्र ठेवायचे. चालवल्यावर वर दोन्ही डिस्क दिसतील. हार्ड डिस्कपुढे निळं 'गुड' असेल तर सध्या ठीक. पिवळं 'कॉशन' असेल तर 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स'च्या ओळीचा फोटो काढून इथे टाका. तोपर्यंत तिच्यावर नवं काम ठेवू नका.

निळं आलं तरी डी वरचा कामाचा फोल्डर आणि सी वरचा बिलिंगचा फोल्डर, हे दोन्ही दर शनिवारी दुकान बंद करताना बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी न्या. प्रोग्रामच्या बाबतीत त्यांचे सेटअप, सीरियल नंबरचे कागद आणि डोंगल एका डब्यात ठेवलेत तरी पुरतं.